"आमचा कुणालाच विरोध नाही, पण..." ह्या 'पण'च्या मागे काय आहे ते कसं ओळखता?

टंकाळा:

नमस्कार मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी देतो, प्रश्न शेवटी आहे. मी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची कामं घेतो. भाषणं, मुलाखती, चर्चासत्रं असं काहीही येतं, मी शब्दन् शब्द उतरवून देतो, अं हं आणि खोकल्यासकट. मागच्या आठवड्यात एक ३८ मिनिटांचं भाषण आलं. वक्त्यांचं नाव घेत नाही, बडं प्रस्थ आहे, बोलायला एकदम मधाळ. विषय होता बदलती कुटुंबव्यवस्था वगैरे. पहिल्यांदा नुसतं ऐकलं तेव्हा मला काहीच खटकलं नाही, उलट वाटलं माणूस संयमाने बोलतोय. टाइप करायला बसलो तेव्हा खटकायला लागलं, कारण ऐकताना शब्द कानावरून जातात आणि टाइप करताना एकेक बोटांतून जातो.

तर अख्ख्या भाषणाचा निम्मा भाग समलैंगिक लोकांबद्दल आहे आणि त्यात समलैंगिक हा शब्द एकदाही नाही. गे नाही, लेस्बियन नाही, काहीच नाही. आहे काय तर "हे सगळं", "ती मंडळी", "जे काही चाललंय ते", "तसले प्रकार". मी गंमत म्हणून फाइंड मारून मोजलं, तसला-तसली-तसले मिळून ११ वेळा. आणि तरी सभागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं कशाबद्दल चाललंय, कारण हशा बरोबर त्याच जागी येतो. नमुना देतो: "आमचा कुणालाच विरोध नाही. ज्याला जे करायचंय ते त्याने चार भिंतींच्या आत करावं. पण उद्या आपल्या मुलांनी हे सगळं बघितलं तर जबाबदार कोण?" मग टाळ्या. शेवटी शेवटी श्रोत्यांतून कुणीतरी काहीतरी बोललं पण ते माइकपासून लांब होतं, तिथे मी (अस्पष्ट) टाकून पुढे गेलो.

आता झालं असं की मी मार्जिनमध्ये दोन-तीन ठिकाणी प्रश्नचिन्हं टाकली होती, तर माझं काम तपासणारी बाई म्हणाली ह्यात आक्षेपार्ह काय आहे, एक वाईट शब्द दाखव. आणि मला खरंच दाखवता आला नाही! शिवी नाही, धमकी नाही, द्वेष नाही. पण पूर्ण वाचून झाल्यावर तोंडात जी चव राहते ती द्वेषाचीच आहे. मी उगाच जास्त विचार करतोय का? आणि करत नसेन तर हे दाखवायचं कसं?

शब्दखुंटी:

उगाच नाही करताय. आणि वाईट शब्द दाखवता येत नाही असं म्हणालात पण तो तुम्हीच ११ वेळा मोजलाय की.

'तसे' आणि 'तसले' ह्यात फरक काय सांगा. तसे लोक म्हणजे त्या प्रकारचे लोक, इथपर्यंत ठीक. तसले लोक म्हणताना नाक आपोआप मुरडलं जातं, आरशासमोर म्हणून बघा. मराठीत हा एक 'ल' फार कामाचा आहे, "हा कसा माणूस आहे" हा प्रश्न झाला आणि "हा कसला माणूस आहे" हा निकाल झाला. शब्दकोशात ह्याला शिवी म्हणत नाहीत, म्हणून तर वापरायला सोपा. शिवी न देता शिवी देऊन झालेली असते आणि कुणी पकडलं तर म्हणायला मोकळे की मी सर्वनाम वापरलं.

दुसरा लाडका शब्द म्हणजे उदात्तीकरण. "आमचा विरोध त्यांना नाही, उदात्तीकरणाला आहे." बरं मग उदात्तीकरण कशाला म्हणायचं? तर मालिकेत दोन पुरुष एका घरात राहतात, एक कपडे वाळत घालतोय आणि दुसरा लाइटबिलावरून कुरकुरतोय, एवढं दाखवलं तरी उदात्तीकरण. ह्यात उदात्त काय आहे देव जाणे. नवराबायको दिवसरात्र भांडताना दाखवा, एकमेकांना विष घालताना दाखवा, कुणी येऊन म्हणत नाही की विवाहसंस्थेचं उदात्तीकरण चाललंय. म्हणजे ह्या शब्दाचा ह्या वाक्यातला खरा अर्थ 'दिसणे' एवढाच आहे. चार भिंतींच्या आत हे त्याचंच दुसरं टोक. तुम्ही असा, पण दिसू नका.

आणि "विरोध व्यक्तीला नाही, प्रवृत्तीला आहे" हे तर आपल्याकडच्या राजकारणातलं रेडिमेड वाक्य आहे, कुठल्याही विषयाला लागतं. लाचखोरीबद्दल बोलताना ते चालतं, कारण लाच घेणं सोडलं की माणूस शिल्लक राहतो. इथे प्रवृत्ती वजा केल्यावर शिल्लक कोण राहणार? हे म्हणजे मला तू आवडतोस फक्त तुझं डावखुरं असणं सोडून दे म्हटल्यासारखं झालं, आणि तेही सोडून कुठे देणार, हात तर तोच.

अजून एक, व्याकरणाकडे बघा. "समाजात अस्वस्थता आहे", "प्रश्न उपस्थित केले जातायत", "चिंता व्यक्त होतेय". कोण अस्वस्थ आहे, कोण प्रश्न करतंय, चिंता कोणाची? कर्ता पळाला. स्वतःचं मत समाजाच्या नावावर टाकायची ही युक्ती आहे. शाळेत कर्मणी प्रयोग चुकला की मार्क जायचे, ह्या लोकांना तो वापरून मतं मिळतात.

जुनापानी:

ही भाषा काही आजची नाही आणि एका देशाचीही नाही, मला ह्या विषयात जरा खाज आहे म्हणून लांबण लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

१९७७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेड काउंटीने एक नियम केला की नोकरी, घर वगैरे देताना माणूस समलैंगिक आहे म्हणून भेदभाव करायचा नाही. बास, एवढाच नियम. त्याच्या विरोधात अनिता ब्रायंट ह्या गायिकेने मोहीम काढली आणि तिचं नाव काय ठेवलं तर 'सेव्ह अवर चिल्ड्रन', आमची मुलं वाचवा. नियम भाड्याच्या घराचा आणि नोकरीचा, मोहीम मुलांची! आणि जूनमध्ये मतदान होऊन तो नियम रद्द झाला. म्हणजे मुद्दा काय, "आम्हाला ह्यांना घर भाड्याने द्यायचं नाही" असं पोस्टर लावलं असतं तर लोकांना स्वतःचीच थोडी लाज वाटली असती, मुलं वाचवायला कोण नाही म्हणेल.

मग १९८८, ब्रिटन, कलम २८. त्यात लिहिलं की स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेला जाणूनबुजून 'प्रोत्साहन' द्यायचं नाही, आणि शाळांतून ती 'कुटुंबाचं भासवलेलं नातं' म्हणून स्वीकारार्ह आहे असं शिकवायचं नाही. भासवलेलं! दोन बायका वीस वर्षं एकत्र राहत असतील, एकीच्या आजारपणात दुसरी उशापायथ्याशी बसली असेल, तरी कायद्याच्या पुस्तकात ते भासवलेलं. ह्या कलमाखाली खटला एकही चालला नाही आणि तेच तर त्याचं यश, कारण 'प्रोत्साहन' म्हणजे नक्की काय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून शिक्षक गप्प बसले. वर्गात एखाद्या पोराला चिडवत असतील तर मध्ये पडायचं की नाही इथपासून गोंधळ. स्कॉटलंडमध्ये २००० ला गेलं, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ ला. २००९ मध्ये, ज्यांनी ते आणलं त्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्याच डेव्हिड कॅमरन यांनी माफी मागितली.

रशियाची केस तर शब्दांच्या दृष्टीने सगळ्यात भारी. २०१३ च्या प्रचारबंदीच्या कायद्याच्या मसुद्यात आधी सरळ समलैंगिकतेचा प्रचार असं होतं, ते काढून 'अपारंपरिक लैंगिक संबंध' असं केलं, ऐकायला किती निरुपद्रवी, जणू नवीन पद्धतीचं फर्निचर. आणि कायदा कुणासाठी तर अल्पवयीन मुलांच्या संरक्षणासाठी. २०२२ मध्ये तीच बंदी सगळ्या वयांना लागू केली. म्हणजे नऊ वर्षांत मुलं गळून पडली आणि बंदी तेवढी उरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. अशी कुठली नोंदणी केलेली संघटना नाहीच, त्यामुळे सदस्य कोण हे पोलीस ठरवणार. जाता जाता, हंगेरीने २०२१ मध्ये बालकांवर अत्याचार करणाऱ्यांविरुद्धच्या कडक कायद्यातच हा विषय घुसवला. आता विरोध करणारा कोणाच्या बाजूने दिसणार सांगा.

आणि एक माझं आवडतं, टंकाळांच्या धंद्यातलं. अमेरिकेचा १९९६ चा कायदा, नाव 'डिफेन्स ऑफ मॅरेज', विवाहाचं संरक्षण, म्हणजे केंद्र सरकारच्या लेखी लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं. (हल्ला कुणी केला होता? तेव्हा अमेरिकेतल्या एकाही राज्यात समलैंगिक लग्न होत नव्हतं.) २७ मार्च २०१३ ला त्यावर सुप्रीम कोर्टात युक्तिवाद चालू होता आणि कायद्याच्या बाजूचे वकील सांगत होते की संसदेला फक्त देशभर एकसमानता हवी होती, द्वेषबिष काही नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी १९९६ चा संसदीय समितीचा अहवाल काढला आणि त्यातलं वाक्य वाचून दाखवलं, की काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) हे 'समलैंगिकतेबद्दल नैतिक नापसंती व्यक्त करण्यासाठी' केलंय. सतरा वर्षांनी कागदावरचं वाक्य परत आलं. २६ जूनला कायद्याचा तो मुख्य भाग रद्द झाला. ह्या युक्तिवादाचं रेकॉर्डिंग मिळतं, टंकाळांनी जरूर ऐकावं. म्हणून म्हणतो तुमची प्रश्नचिन्हं पुसू नका.

सरळमार्गी:

मी थोडं उलट बोलणार आहे, धोपटू नका.

तुम्ही सगळे शब्दांवरून मनातलं ओळखायला निघालायत आणि ते मला धोक्याचं वाटतं. माझे वडील 'तसले' म्हणतात. पण ते पाळीला पण "तसलं" म्हणतात आणि कंडोमच्या जाहिरातीला पण. त्यांच्या पिढीला ह्या विषयासाठी घरात बोलण्यासारखा शब्दच मिळाला नाही, एक वैद्यकीय शब्द आणि बाकी सगळ्या शिव्या. शिवी द्यायची नाही म्हणून माणूस सर्वनामावर जातो, त्याला मी द्वेष म्हणणार नाही, संकोच म्हणेन.

दुसरं उदाहरण टिम फॅरन यांचं. ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट्स ह्या पक्षाचे तेव्हाचे नेते, धार्मिक माणूस. २०१५ मध्ये टीव्हीवर विचारलं समलैंगिक संबंध पाप आहे का, तर म्हणाले "आपण सगळेच पापी आहोत". २०१७ च्या निवडणुकीत परत तोच प्रश्न, परत टाळाटाळ, मग वैतागून एकदाचं "नाही, पाप नाही" म्हणाले, जूनमध्ये नेतेपद सोडलं आणि पुढच्या वर्षी म्हणाले ते वाक्य बोलल्याचा पस्तावा होतोय. आता हा माणूस शब्द चुकवत होता हे शंभर टक्के. पण स्वतःची श्रद्धा दुसऱ्यांवर कायद्याने लादायची नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांना आणि त्या रशियन कायदा करणाऱ्यांना एका माळेत ओवणार का?

आणि उलट्या बाजूचं घ्या. ओबामांनी १९९६ मध्ये शिकागोच्या एका समलैंगिक वृत्तपत्राच्या प्रश्नावलीत लिहून दिलं होतं की समलैंगिक लग्न कायदेशीर व्हावं. २००८ ला अध्यक्षपदासाठी उभे राहिल्यावर लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचं. मे २०१२ मध्ये परत पाठिंबा. त्यांच्याच सल्लागाराने, डेव्हिड अॅक्सेलरॉड यांनी, नंतर लिहिलं की मधल्या काळात खरं मत लपवलं होतं. म्हणजे गुळमुळीत बोलण्याच्या मागे दरवेळी पूर्वग्रहच असतो असं नाही, कधी तिथे पाठिंबाही लपलेला असतो. माणूस काहीतरी चुकवतोय एवढंच तुम्हाला कळतं, काय चुकवतोय ते नाही.

टंकाळा:

सरळमार्गी, धोपटत नाही, वडिलांचा मुद्दा पटला. माझी आजीसुद्धा अशीच होती. पण माझ्या वक्त्यांकडे शब्दांचा तुटवडा नाहीये हो. ह्याच भाषणात 'उत्तराधुनिक' तीनदा आहे आणि 'सांस्कृतिक विस्थापन' मला दोनदा ऐकून टाइप करावं लागलं. ज्याला उत्तराधुनिक म्हणता येतं त्याला समलैंगिक म्हणता येत नाही हे मला पचत नाही.

खिडकीपाशी:

एरवी वाचनमात्र असतो, आज लिहितो. मी गे आहे. घरी तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, तेविसावं चालू होतं.

रात्रीच्या बातम्या चालू होत्या, मी जमिनीवर बसून चार्जरची तुटलेली वायर काळ्या टेपने गुंडाळत होतो. एका पुढाऱ्यांना ह्या विषयावर विचारलं. ते अगदी शांतपणे म्हणाले की प्रत्येकाच्या खाजगी आयुष्याचा आम्ही आदर करतो, पण समाजाचं स्वास्थ्यही बघावं लागतं. आमचे बाबा मान हलवून म्हणाले, "बघ, किती बॅलन्स्ड बोलला." आई म्हणाली, "हो ना, उगाच आरडाओरडा नाही." आणि मी त्या वायरला टेपचा अजून एक वेढा दिला, मग अजून एक, ती इतकी जाड झाली की नंतर प्लगजवळ वळेचना.

त्याने मला शिवी दिली असती ना, तर बाबा म्हणाले असते काय भाषा आहे ही, आणि कदाचित मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं. शिवीविरुद्ध आमचं घर माझ्या बाजूने उभं राहिलं असतं. बॅलन्स्डविरुद्ध कोण उभं राहणार. 'समाजाचं स्वास्थ्य' म्हणजे मी आजार आहे, हे त्या खोलीत फक्त मला ऐकू आलं. पुढे तीन वर्षं काही बोललो नाही.

सरळमार्गी, तुमचं बरोबर असेल की त्याच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही. मला त्याच्या मनाशी घेणंदेणंही नाही, त्या वाक्याने आमच्या बैठकीच्या खोलीत काय केलं ते मी सांगितलं. (आता सगळं ठीक आहे घरी, विचारू नका म्हणून आधीच सांगतो.)

कलमकसाई:

खिडकीपाशी, लिहिलंत बरं केलंत.

मी वकिलांकडे काम करतो, वकील नाही, तर चुकभूल देणेघेणे. कोर्टाच्या भाषेतही हे सापडतं आणि ते छापील असल्यामुळे नाकारता येत नाही. ११ डिसेंबर २०१३ च्या आपल्या सुप्रीम कोर्टाच्या कलम ३७७ च्या (समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं ते कलम) निकालात दोन गोष्टी आहेत. एक, समलैंगिक वगैरे लोक हे लोकसंख्येचा 'अगदी नगण्य अंश' आहेत आणि दीडशेहून जास्त वर्षांत दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले चालले, म्हणून हे कलम घटनाबाह्य ठरवायला आधार पुरेसा नाही. दुसरं, 'एलजीबीटी व्यक्तींचे तथाकथित हक्क'. हा 'तथाकथित' बघा. आख्खा परिच्छेद वाचायची गरज नाही, त्या एका विशेषणात निकाल लागून गेलाय. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी तो निकाल उलटवला.

'विशेष हक्क' हा पण असाच. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मतदान घेऊन घटनादुरुस्ती केली की समलैंगिकांना भेदभावापासून संरक्षण देणारे नियम कुठल्याही शहराने करायचे नाहीत. प्रचार काय, तर "विशेष हक्क नकोत". ऐकणाऱ्याला वाटतं ह्यांना काहीतरी जास्तीचं पाहिजे. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं की ही दुरुस्ती जे संरक्षण काढून घेते त्यात आम्हाला विशेष असं काहीच दिसत नाही. बरोबरच आहे, लैंगिकतेवरून नोकरीवरून काढू नका ह्यात विशेष काय.

आता 'विपर्यास केला' ह्या प्रकाराबद्दल, कारण तो राहिलाच. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद एचआयव्हीवरच्या परिषदेत पुरुषांच्या आपसातल्या संबंधांबद्दल बोलताना अनैसर्गिक, आजार, बाहेरच्या देशांतून आलेला असं बोलले, टीका झाल्यावर म्हणाले की मी एचआयव्हीला आजार म्हणालो. २०१६ मध्ये संघाचे दत्तात्रेय होसबाळे जाहीर कार्यक्रमात म्हणाले हा गुन्हा मानू नये, खाजगी बाब आहे, आणि दुसऱ्या दिवशी ट्वीट केलं की गुन्हा नाही पण सामाजिकदृष्ट्या अनैतिक आहे, शिक्षा नको, मानसशास्त्रीय केस म्हणून बघावं. दोन वेगळ्या संघटना आणि विचार, पण पायरी एकच. तुरुंगातून काढून दवाखान्यात ठेवायचं आणि ह्याला सहानुभूती म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला आजारांच्या यादीतून हे काढलंय, पण 'आम्हाला त्यांची काळजी वाटते' ह्या वाक्याला यादी लागत नाही.

शब्दाने किती फरक पडतो त्याचं एक मोजमाप पण आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस आणि न्यूयॉर्क टाइम्सने समलैंगिकांना सैन्यात घेण्याबद्दल जनमत घेतलं, निम्म्या लोकांना विचारताना 'होमोसेक्शुअल' वापरलं, निम्म्यांना 'गे आणि लेस्बियन'. पहिल्या शब्दाला ५९ टक्के पाठिंबा, दुसऱ्याला ७०. माणसं तीच, सैन्य तेच. भाषण लिहून देणाऱ्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

शब्दखुंटी:

तथाकथित! हा कसा विसरलो मी. अवतरणचिन्हांचा बोलीतला भाऊ. बोलताना बोटांनी हवेत खुणा करायला नको, नुसतं तथाकथित म्हटलं की झालं. "तथाकथित लग्न", "तथाकथित कुटुंब". ब्रिटनच्या कलमातला तो 'भासवलेलं' आणि हा एकाच आईची लेकरं.

सरळमार्गी:

खिडकीपाशी, वाचलं. माझ्या वडिलांच्या 'तसले'ला मी संकोच म्हणालो तो माझ्या बाजूने संकोच आहे, त्या खोलीत जमिनीवर बसलेल्या मुलाला तो कसा ऐकू येईल हा विचार मी केला नव्हता, हे मान्य.

तरी टंकाळांचा मूळ प्रश्न 'दाखवायचं कसं' हा आहे आणि त्यावर माझं मत अजून तेच, शब्द पकडून भांडलात तर हराल. वक्ता म्हणेल बरं बाबा, तसले नाही म्हणत, तसे म्हणतो. पुढच्या भाषणात समलैंगिक बंधुभगिनी म्हणेल आणि बाकी सगळं जसंच्या तसं. गोड बोलणाऱ्याला शब्द बदलायला काय लागतं. मी आमच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये शिकलेली एक गोष्ट सांगतो, गुळमुळीत बोलणाऱ्याला कधी "तुम्ही असं का म्हणालात" विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. विचारायचं "बरं मग नेमकं काय करायचं?" समाजाचं स्वास्थ्य जपायचं, ठीक आहे, कसं? शाळेतल्या समलैंगिक शिक्षकाला ठेवायचं की काढायचं? घरमालकाने नाही म्हटलं तर चालेल की नाही? दोघांपैकी एक आयसीयूत असेल तर सही कुणाची घ्यायची? हो किंवा नाही.

फॅरनचं उदाहरण मीच दिलं आणि आता तेच वापरतो. त्यांना मनातलं विचारलं तर अडकले, पण कायद्यात काय हवं विचारलं तर उत्तर देऊ शकत होते. ज्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच नाही त्याच्याबद्दल मीही तुमच्या बाजूने.

जुनापानी:

सरळमार्गी, हे मात्र लाख बोललात. कलम २८ वर हा प्रश्न तिथल्या शिक्षकांनी विचारला होताच की, प्रोत्साहन म्हणजे नेमकं काय केलं तर कलम मोडतं? धड उत्तर मिळालं नाही. मिळालं असतं तर कलम तेवढ्यापुरतंच उरलं असतं ना.

टंकाळा:

सगळ्यांचे आभार, खिडकीपाशी तुमचे विशेष.

सरळमार्गींचं वाचल्यावर रात्री मी ती फाइल परत उघडली. मला ते (अस्पष्ट) आठवत होतं. ३४ व्या मिनिटाच्या आसपास आहे. ह्या वेळी चांगले हेडफोन लावले, स्पीड निम्मी केली, पंख्याचा आवाज फिल्टरने खाली आणला आणि तोच तुकडा दहा-बारा वेळा ऐकला. मागच्या रांगेतून एक बाई बोलतायत, वयस्कर वाटतात, आवाज थोडा कापरा आहे. त्या म्हणतात, "माझा मुलगा तसा आहे. तर मी नेमकं काय करू?"

तसा म्हणाल्या. तसला नाही.

मग चार सेकंद काहीच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग वक्ते म्हणतात, "हा फार संवेदनशील विषय आहे ताई. पुढचा प्रश्न घेऊया."

(अस्पष्ट) काढलं, दोन्ही वाक्यं टाइप केली, मध्ये (४ सेकंद शांतता) असं कंसात टाकलं, ती पद्धतच आहे आमच्यात. मार्जिनमधली प्रश्नचिन्हं काढून टाकली, आता लागत नाहीत. सकाळी फाइल पाठवली. तपासणाऱ्या बाईंचा अजून काही मेल नाही, एरवी अर्ध्या तासात येतो.